आवाज सुरू करायचं बटन आवाजाशिवाय कसं सापडणार?

पंधराएक वर्षांपूर्वी लिनक्स या संगणकप्रणालीवरच्या ग्नोम डेस्कटॉपवर, म्हणजे तिच्या मेनू-खिडक्यांच्या पडद्यावर, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरायचा असेल, तर आधी मेनूतून प्रेफरन्सेसमध्ये जायचं, ‘असिस्टिव्ह टेक्नॉलॉजीज’ नावाची खिडकी उघडायची, तिच्यातल्या चौकटीत टिक करायची आणि खालचं ‘क्लोज अँड लॉग आउट’ हे बटन दाबायचं. बाहेर पडून पुन्हा आत आलं की मग कुठे संगणक नीट बोलायला लागायचा. एवढा खटाटोप कोणासाठी होता? ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी. मेनू डोळ्यांनी शोधायचा, चौकट डोळ्यांनी शोधायची, टिक लागली की नाही तेही डोळ्यांनीच बघायचं, आणि हे सगळं जमलं की मग डोळ्यांशिवाय काम करता येणार. टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करत, जायच्या आडवाटा होत्या, पण त्याही आधी कोणीतरी सांगाव्या लागायच्या. शेजारी डोळस माणूस बसलेला नसेल तर गाडी तिथेच अडायची.

मला हा प्रश्न पुस्तकातून कळला नाही, मामामुळे कळला. काचबिंदूने त्याची नजर हळूहळू गेली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, हिशोब हा त्याचा जीव की प्राण. सोसायटीचा खजिनदार म्हणून त्याने काम सोडायला ठाम नकार दिला आणि स्क्रीन रीडर शिकून घेतला. ईमेल, बातम्या, वर्डमधली पत्रं, सगळं व्यवस्थित चालू होतं. मग सोसायटीने हिशोबाचं एक सॉफ्टवेअर घेतलं. मामाने ते उघडलं, स्क्रीन रीडरने खिडकीचं नाव वाचलं आणि तो गप्प झाला. मामाने टॅब दाबला, काही नाही. पुन्हा टॅब, तरी काही नाही.

“अगं, हे हँग झालंय का?” त्याने विचारलं.

हँग काहीच झालं नव्हतं. मला समोर पडद्यावर सभासदांची यादी, थकबाकीचे आकडे, टॅबसरशी एका रकान्यातून दुसऱ्यात उडी मारणारा कर्सर, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याच्यासाठी मात्र तिथे कोरी भिंत होती. दोन संध्याकाळी माहितीपत्रकं धुंडाळल्यावर सापडलं, की ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन रीडरला माहिती पुरवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती, पण ती एक कमांड देऊन चालू करावी लागत होती. दिली, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं, आणि आवाज आला, “सभासद क्रमांक, एडिट, रिकामं.”

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे याला आधीपासून बोलता येत होतं?”

“हो. फक्त बंद ठेवलं होतं.”

“कोणी? आणि का?”

त्याचं पूर्ण उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते आता देते आहे.

आधी स्क्रीन रीडर काम कसं करतो ते बघू, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, हे सॉफ्टवेअर पडद्याकडे ‘बघून’ त्यावरची अक्षरं वाचत असेल. तसं नसतं. पडद्यावर असतात ते नुसते रंगीत ठिपके. त्यातला कोणता चौकोन बटन आहे आणि कोणता शोभेचा, हे ठिपक्यांवरून खात्रीने कळत नाही. म्हणून स्क्रीन रीडर त्या प्रोग्रॅमलाच विचारतो, की बाबा, तुझ्या खिडकीत काय काय आहे? उत्तर म्हणून प्रोग्रॅमने एक वंशावळ पुढे करायची असते. सर्वांत वर खिडकी, तिच्या पोटात टूलबार, टूलबारच्या पोटात बटनं, शेजारी तक्ता, तक्त्यात ओळी, ओळीत रकाने. यातल्या प्रत्येकाबरोबर निदान तीन गोष्टी लागतात. नाव काय, प्रकार कोणता, आणि आत्ता स्थिती काय.

एक साधी चौकट घ्या. आपल्याला दिसतो एक लहानसा चौकोन आणि शेजारी ‘दरमहा आठवण करा’ ही अक्षरं. वंशावळीत तिची नोंद अशी असते. नाव ‘दरमहा आठवण करा’, प्रकार चेक बॉक्स, स्थिती टिक नसलेली. मामा टॅब दाबत तिथे पोचला की त्याला हे याच क्रमाने ऐकू येतं. त्याने स्पेस बार दाबला की प्रोग्रॅमने लगेच निरोप धाडायचा, की स्थिती बदलली, आता टिक आहे. निरोप गेला नाही तर टिक लागूनही मामाला पत्ता नाही. तो पुन्हा स्पेस दाबणार आणि लागलेली टिक काढून टाकणार. हिशोबाच्या कामात हे किती महागात पडेल ते वेगळं सांगायला नको.

ही वंशावळ तयार ठेवणं आणि बदलांचे निरोप धाडणं, म्हणजे ॲक्सेसिबिलिटी सपोर्ट. सरकारी मराठीत सुगम्यता. स्क्रीन रीडर हा ऐकणारा, आणि हा सपोर्ट म्हणजे सांगणारा. दोन्ही वेगळे आहेत. त्यामुळे ‘ॲक्सेसिबिलिटी मुळातच चालू असावी’ असं कोणी म्हटलं, की उद्यापासून सगळ्यांचे संगणक बडबड करायला लागतील असा त्याचा अर्थ होत नाही. घर बांधतानाच भिंतीतून पाइप टाकून ठेवणं वेगळं आणि नळ सोडून ठेवणं वेगळं. मागणी आहे ती पाइपची. नळ ज्याला हवा तो उघडेल. पण भिंतीत पाइपच नसेल, तर ऐन तहानेच्या वेळी भिंत फोडायला कोणाला बोलवायचं?

आता मामाच्या ‘का’कडे येते. कोणी दुष्टपणाने ते बंद ठेवलं होतं असं नाही. कारणं खरी होती आणि ती समजून घेतली पाहिजेत.

ग्नोमचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण तिथला सगळा इतिहास उघड्यावर घडला. ग्नोम २ च्या काळात, म्हणजे २००० नंतरच्या दशकात, तिथला ॲक्सेसिबिलिटीचा बराचसा पाया सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने घातला. प्रोग्रॅम आणि स्क्रीन रीडर यांच्यातल्या संवादाच्या व्यवस्थेचं नाव एटी-एसपीआय. ओर्का हा स्क्रीन रीडरही सनमध्येच जन्मला. त्याची सुरुवात केली मार्क मलकेही या स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रॅमरने, आणि २००६ च्या ग्नोम २.१६ पासून तो डेस्कटॉपचा भाग झाला. पण निरोपांची ने-आण तेव्हा कॉर्बा नावाच्या जड यंत्रणेवरून होत असे. ती गल्लीबोळांतल्या फेरीसाठी ट्रक काढल्यासारखी होती. तुम्ही एक अक्षर टाइप केलं की निरोप, माउस हलला की निरोप, मेनू उघडला की निरोपांची रांग. ऐकणारा अडकला तर सांगणाराही उत्तराची वाट बघत ताटकळायचा, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने सगळा डेस्कटॉपच थिजायचा. दहा हजार ओळींचा तक्ता असेल तर त्याच्या प्रत्येक घराची नोंद कधी आणि किती करायची हा वेगळाच पेच. तेव्हाच्या संगणकांची मेमरी आजच्यासारखी ऐसपैस नव्हती.

म्हणून तोडगा असा निघाला, की हा सगळा भाग वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या सुट्या तुकड्यात, ठेवायचा आणि सेटिंग चालू असेल तरच प्रोग्रॅम सुरू होताना तो सोबत घ्यायचा. सुरू होताना घ्यायचा, म्हणूनच तो लॉग आउटचा खेळ. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमांना तो मागाहून जोडता येत नव्हता.

इथवर कोणालाही पटेल. ज्यांना गरज नाही त्यांच्यावर भार कशाला? पण या निर्णयाचा एक परिणाम हळूहळू दिसायला लागला, आणि मला या सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो कोड बहुतेकांच्या मशीनवर कधी चालतच नाही, तो सडतो.

समजा एखादा प्रोग्रॅमर नव्या प्रकारची यादी बनवतो. त्याच्या मशीनवर ॲक्सेसिबिलिटी बंद. त्याच्या टीममधल्या सगळ्यांच्या मशीनवर बंद. चाचणी होते, उत्तम चालतं, सॉफ्टवेअर बाहेर पडतं. हजारो लोक ते वापरतात, कोणाचीही तक्रार नाही. मग एक दृष्टिहीन माणूस ती यादी उघडतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. तो तक्रार नोंदवतो. उत्तर येतं, ‘आमच्याकडे तर चालतंय.’ खरंच चालत असतं, कारण दोघांच्या मशीनवर दोन वेगळेच प्रोग्रॅम चाललेले असतात. ही तक्रार यादीत खाली खाली जाते, कारण ती एकट्याची असते. असं दहा वेळा झालं की बोभाटा होतो, ‘ॲक्सेसिबिलिटी चालू केली की प्रोग्रॅम कोसळतात.’ आणि त्यावरून निष्कर्ष काय निघतो? बघा, म्हणूनच तर आम्ही ती बंद ठेवतो! बंद ठेवल्यामुळे बिघडलं आणि बिघडलं म्हणून बंद ठेवलं. आपल्याकडे एखाद्या रस्त्यावर एसटी येत नाही म्हणून प्रवासी थांबत नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून एसटी बंद करतात, त्यातलाच हा प्रकार.

त्यात २०१० साली ओरॅकलने सन विकत घेतली आणि तिथल्या ॲक्सेसिबिलिटीच्या टीमला मोठी कात्री लागली. थोड्या हातांवर पेललेलं काम आणखी थोड्या हातांवर आलं. पुढे ओर्काची धुरा जोनमेरी डिग्ज यांनी वर्षानुवर्षं वाहिली. हे काम जगलं ते अशा चिवट माणसांमुळे, हे कृतज्ञतेने लिहिलंच पाहिजे.

दुष्टचक्र तोडायला दोन गोष्टी लागल्या. पहिली, कॉर्बा जाऊन डी-बस ही हलकी यंत्रणा आली. २०११ मध्ये आलेला ग्नोम ३ या नव्या व्यवस्थेवर उभा होता. दुसरी, ॲक्सेसिबिलिटीचा कोड बाहेरच्या मॉड्यूलमधून काढून बटनं आणि चौकटी जिथे बनतात त्या जीटीके या मूळ लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाच्या, पोटात घेतला गेला. मग सप्टेंबर २०१२ मध्ये ग्नोम ३.६ आला आणि त्यात सपोर्ट कायमचा चालू झाला. लॉग आउट गेलं. सुपर, ऑल्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की ओर्का तिथल्या तिथे बोलायला लागतो. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ. दिसण्याची गरज नाही, माउसची गरज नाही, शेजारी कोणी बसायची गरज नाही.

यात धोका नव्हता असं नाही. आता ॲक्सेसिबिलिटीच्या कोडमधल्या चुकीचा फटका सगळ्यांनाच बसू शकत होता. पण फायदाही तिथेच होता. प्रोग्रॅम स्वतःच्याच मशीनवर कोसळला की प्रोग्रॅमर त्याच दिवशी दुरुस्त करतो. एकट्याची तक्रार सगळ्यांची होते. काही लोकांना टर्मिनलमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी बसशी जोडणी झाली नाही’ अशा अर्थाची सूचना दिसायला लागली आणि ती गप्प करण्यासाठी सपोर्टच बंद करणारी एक ओळ लोक एकमेकांना सुचवायला लागले. त्यांची चिडचिड मला कळते. पण एका निरुपद्रवी सूचनेपायी पाइपच बुजवून टाकायचा, हे मला पटत नाही. ती ओळ पुढे ज्या-ज्या मशीनवर नकळत राहून गेली, तिथे उद्या कोणाला ओर्का लागला तर जीटीकेवरचे प्रोग्रॅम मुके निघणार.

मग भाराचं काय झालं? त्याचं उत्तर ‘बंद’ आणि ‘चालू’ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. सपोर्ट जागा ठेवायचा, पण कोणी ऐकत असेल तरच त्याने तोंड उघडायचं. एटी-एसपीआयच्या व्यवस्थेत एक नोंदणी कक्ष असतो. कोणाला कोणते निरोप हवेत याची नोंद तिथे असते, आणि कोणीच नाव नोंदवलेलं नसेल तर प्रोग्रॅम निरोपांचा मारा करत बसत नाही. विंडोजमध्ये तर १९९७ पासूनच, मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आली तेव्हापासून, अशी रीत आहे की स्क्रीन रीडर खिडकीला एक ठरावीक संदेश पाठवतो आणि तो आल्यावरच खिडकी आपली माहिती पुढे करते. विचारलं तर सांगायचं. क्रोम आणि फायरफॉक्ससुद्धा वेबपानाची पूर्ण वंशावळ अशी मागणी आल्यावरच उभी करतात, कारण एका पानात हजारो घटक असू शकतात.

यातही एक खोच निघाली. विचारणारे फक्त स्क्रीन रीडर नसतात. टचस्क्रीनचा कीबोर्ड, पासवर्ड सांभाळणारी सॉफ्टवेअरं, काही अँटिव्हायरस, हेही त्याच दारातून माहिती मागतात. मग स्क्रीन रीडर न वापरणाऱ्याचाही ब्राउझर मंद व्हायचा, आणि तो ‘ॲक्सेसिबिलिटी बंद कशी करावी’ हे शोधायचा. फायरफॉक्समध्ये तशी बंद करायची चौकट बरीच वर्षं होती. पण खरा इलाज चौकटीत नव्हता, आतल्या रचनेत होता. मे २०२३ मधल्या फायरफॉक्स ११३ पासून ती रचनाच बदलली. माहितीची प्रत ब्राउझरच्या मुख्य प्रक्रियेत तयार ठेवली जाऊ लागली, त्यामुळे प्रत्येक प्रश्नासाठी आत हेलपाटा घालावा लागेनासा झाला. या कामात जेम्स टे होते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ज्या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केला, मायकेल करन आणि जेम्स टे, त्यांतलेच ते. मंद आहे म्हणून बंद करा, असं म्हणण्याऐवजी मंद आहे म्हणून वेगवान करा, असं म्हणणारा माणूस त्या टेबलावर बसलेला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

जावाची गोष्टही इथे सांगायला हवी. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले डेस्कटॉप प्रोग्रॅम विंडोजच्या स्क्रीन रीडरशी बोलतात ते जावा ॲक्सेस ब्रिज नावाच्या पुलावरून. आधी तो वेगळा उतरवून बसवावा लागे. २०१२ पासून तो जावाबरोबरच यायला लागला, पण बंद अवस्थेत. ‘जॅबस्विच’ ही कमांड देऊन किंवा विंडोजच्या ईझ ऑफ ॲक्सेसमध्ये जाऊन तो चालू करायचा. पूल बांधून तयार, फक्त फाटकाला कुलूप, आणि किल्ली कुठे आहे ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. तुमच्या कार्यालयात असा एखादा जुना प्रोग्रॅम स्क्रीन रीडरला दाद देत नसेल, तर सर्वांत आधी हे तपासा.

अगदी सुरुवातीचा, म्हणजे सिस्टिम संगणकावर बसवतानाचा प्रश्न डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने ज्या साधेपणाने सोडवला त्याचं मला कौतुक वाटतं. सुरुवातीचा मेनू पडद्यावर आला की बीप वाजतो. तो ऐकून एस दाबायचा आणि मग एंटर. पुढची सगळी प्रक्रिया बोलत बोलत होते. एक बीप आणि दोन कळा. मॅकवर २००५ पासून व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आहे, कमांड आणि एफ५ दाबून तो चालू होतो. विंडोजच्या आताच्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की नॅरेटर हा तिथला स्क्रीन रीडर सुरू होतो, अगदी साइन-इनच्या पडद्यावरसुद्धा.

आपल्याकडे हा प्रश्न किती जणांचा आहे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या सुमारे ५० लाख दृष्टीच्या अपंगत्वाच्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मराठीपुरती एक अडचण मात्र आपली आपणच निर्माण केलेली आहे. सॉफ्टवेअरने कितीही नीट माहिती दिली, तरी मजकूर युनिकोडऐवजी (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीऐवजी) जुन्या फॉन्टमध्ये असेल तर स्क्रीन रीडरला तिथे मराठी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सोसायटीची नोटीस तशा फॉन्टमध्ये आली की मामा मला फोन करतो. युनिकोड मराठी वाचायला मात्र ईस्पीक हा मोफत आवाज आहे. थोडा यांत्रिक, पण जोडाक्षरांना सहसा अडखळत नाही.

माझ्यासारखे सॉफ्टवेअर लिहिणारे हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगते. बटनं आणि चौकटी शक्यतो तयार लायब्ररीतल्याच वापरा, त्यांची वंशावळ आपोआप बनते. स्वतः चितारलेल्या बटनाची माहिती स्वतःच द्यावी लागते. नुसतं चित्र असलेल्या बटनाला नाव द्या, नाहीतर टूलबारवरून जाताना ऐकू येतं, “बटन, बटन, बटन.” आणि सपोर्टला बंद-चालूची कळ ठेवायचीच असेल, तर ती चालू स्थितीत द्या. ज्याला नको आहे त्याला पडदा दिसतो. तो ती बंद करू शकतो. शिवाय ही वंशावळ फक्त दृष्टिहीनांच्या कामाची नसते. हात न हलणारा माणूस बोलून बटन दाबतो तेव्हा तेच नाव शोधलं जातं, आणि सॉफ्टवेअरच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्याही पुष्कळदा याच माहितीवरून बटनं ओळखतात.

गेल्या महिन्यात मामाने लॅपटॉप बदलला. मी आतून चार्जरची वायर घेऊन येईपर्यंत खोक्यातून निघालेला लॅपटॉप टेबलावर बोलत होता, भाषा कोणती, कीबोर्ड कोणता. मामा बाणाच्या कळेने यादीतून खाली खाली चालला होता. मला म्हणाला, “वायर लाव आणि बस. वायफायचा पासवर्ड तेवढा सांग.”